एकशे बारा नंबरची बरणी

(रविवारची दुपार. वहिनीचं स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, ओट्यावर काचेचा मोठा चंबू, खिडकीशी शिलाईचं मशीन. वहिनी आणि तिचा धाकटा दीर.)

वहिनी: ...आणि चमच्यानं नको ढवळूस. हे नेहमी लाकडी पळीनं ढवळायचे.

धाकटा: माल्टची पूड आहे वहिनी, चमच्यानं काय अन् पळीनं काय. गुठळी राहिली नाही म्हणजे झालं. तुम्ही बसा निवांत.

वहिनी: तुम्ही?

धाकटा: काय झालं?

वहिनी: मी या घरात आले तेव्हा तू आठवीत होतास. तुझ्या शाळेच्या चड्ड्या मी उसवून मोठ्या केल्यात. ‘वहिनी, तू दे’, ‘वहिनी, तू सांग ना दादाला’. आणि दोन वर्षं उंबरा शिवला नाहीस, तर मी एकदम ‘तुम्ही’ झाले?

धाकटा: तोंडातून निघून गेलं.

वहिनी: जाऊ दे. ढवळ. उतू जाईल.

धाकटा: नाही जाणार, लक्ष आहे माझं. दहा मिनिटं उकळू दे. मग गार करायचं, चंबूत ओतायचं आणि दादाचं यीस्ट त्यात सोडायचं. नुसतं खायला घालायचं त्याला, दुसरं काही नाही. दोन-तीन दिवसांत जागं झालं, तर पुढच्या रविवारी मोठं पातेलं चढवू.

वहिनी: ‘तर’ म्हणू नकोस. मी त्या तिघांना सांगून बसलेय.

धाकटा: कुठल्या तिघांना?

वहिनी: ह्यांचे रविवारचे तिघं. पोस्टमास्तर, दातांचे डॉक्टर आणि ते उंच ड्रॉइंगमास्तर. पाच आठवड्यांनी ह्यांना जाऊन वर्ष होतंय. म्हटलं, या, बसा नेहमीसारखे. ह्यांची बियर ठेवते पुढ्यात. शेवटची. मग हे पिंप, नळ्या, बाटल्या सगळं तू घेऊन जा. आठवडाभर पिंपात, तीन आठवडे बाटलीत. बसतं की नाही हिशेबात?

धाकटा: बसतं. पण त्याची कशी होईल ती? करणार मी.

वहिनी: हात तुझे. यीस्ट ह्यांचं. हे काय म्हणायचे? पाणी मी उकळतो, बियर म्हातारी करते.

धाकटा: म्हातारी. हो. काढ तिची बरणी.

वहिनी: कालच काढून ठेवलीय, गार लागू नये म्हणून. ही घे. सवत माझी.

धाकटा: अजून सवतच म्हणतेस तिला?

वहिनी: मग काय म्हणू? सतरा वर्षं फ्रिजात माझ्या दुधाशेजारी बसली. मला ताप आला तर ‘गोळी घे आणि पड’ म्हणायचे. हिच्यासाठी मात्र थर्मामीटर.

धाकटा: शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म गेला त्याचा. त्याला सगळ्यालाच थर्मामीटर लागायचा. चहालासुद्धा लावून बघायचा.

वहिनी: चिठ्ठी बघ तिच्यावरची. ‘एकशे बारा’. खाली तारीख. एकशे बाराव्यांदा बियर केली, तिच्या तळाचा हा यीस्टचा गाळ. त्याच आठवड्यात पोटात दुखायला लागलं.

धाकटा: वहिनी, हिचा रंग...

वहिनी: काय?

धाकटा: साईसारखी असते गं ही. खाली पांढरट थर, वर स्वच्छ पाणी. ही सगळीच तपकिरी झालीय. आणि चिठ्ठी भिजून सुकल्यासारखी दिसतेय. कुठे ठेवली होतीस?

वहिनी: फ्रिजात. अजून कुठे?

धाकटा: फ्रिजात कुठे?

वहिनी: वर. बर्फाच्या कप्प्यात.

धाकटा: बर्फाच्या.

वहिनी: आधी खालीच होती. ह्यांना हॉस्पिटलात न्यायला आले ना, तेव्हा स्ट्रेचरवरून माझा हात धरला. मला वाटलं, काहीतरी बोलणार. नवरा बायकोला बोलतो तसं. तर म्हणाले, ‘म्हातारीला थंड ठेव. जप तिला.’ एवढंच. मी घरी आले आणि पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, आधी ते काम केलं. म्हटलं, नुसतं थंड कशाला, चांगलं गारठवून ठेवते. मटार वर्षभर राहतात त्या कप्प्यात. मध्ये दोनदा दिवसभर वीज गेली, तर खालच्या दुकानातून बर्फाची लादी आणली आणि फोडून तिच्याभोवती रचली. दुकानदार म्हणतो, घरी कार्य आहे का?

धाकटा: दोनदा रचलीस?

वहिनी: दोनदा. का रे? असा का बघतोस? वर ठेवलं की बिघडतं का? फ्रिज दुरुस्त करणारा तू, तुला माहीत.

धाकटा: नाही, नाही. दादा खाली ठेवायचा म्हणून विचारलं. जुनी झालीय एवढंच. जुनं यीस्ट सुस्त होतं, उठायला वेळ लावतं.

वहिनी: उठेल ना पण?

धाकटा: बघू.

वहिनी: तुझ्याकडची असेलच म्हणा. दर वेळी गाळ अर्धा-अर्धा, एक बरणी इथे, एक तुझ्याकडे. एकीला काही झालं तर दुसरी. काय ते तुमचे दोघांचे नियम! सरकारी खजिन्याला एवढी कुलपं नसतील.

धाकटा: सरक जरा. पातेलं थंड पाण्यात ठेवायचंय.

वहिनी: सरकले. पण खरं सांगू, मला हीच हवी. हिच्यावर ह्यांचं अक्षर आहे, आणि मला सांगून गेलेत. दुसरं काहीच सांगितलं नाही रे मला. पुढे-पुढे तर बोलायचं त्राणच राहिलं नाही, नळ्याच नळ्या. तेवढं एकच काम दिलं होतं.

धाकटा: हो, वहिनी. चंबू धर.

*

वहिनी: आलास? सोमवार म्हणजे तुला उशीर होईल असं वाटलं होतं. काही नाही झालं अजून.

धाकटा: हलवलास ना चंबू?

वहिनी: येता-जाता. तू येता-जाता हलव म्हणालास, म्हणून मी मुद्दाम येत-जात होते. सहा गणवेश द्यायचेत या आठवड्यात, दोनसुद्धा झाले नाहीत.

धाकटा: आणि हे काय गुंडाळलंयस त्याला? स्वेटर?

वहिनी: ह्यांचा. हसू नकोस.

धाकटा: हसत नाही. बरोबर केलंस. ऊब लागतेच.

वहिनी: सकाळी बुडबुडा आला होता एक. कडेला, एवढासा. मी ओरडलेच. शेजारीण धावत आली, तिला वाटलं बोट मशीनखाली गेलं.

धाकटा: एकच?

वहिनी: एकच. मग मी खुर्ची घेऊन बसले समोर. दुसरा नाही आला.

धाकटा: हलवल्यावर येतो तसा एखादा. हवेचा असतो तो.

वहिनी: तुला काय होतं रे ‘हो का’ म्हणायला?

धाकटा: हो का.

वहिनी: आता म्हणून काय उपयोग? पिशवीत काय आणलंयस?

धाकटा: हत्यारं. कामावरून तसाच आलो.

वहिनी: आणि ते चंदेरी पाकीट?

धाकटा: दुकानातलं यीस्ट आहे. असू दे म्हटलं जवळ.

वहिनी: मी आत गेले की ओतणार होतास त्यात.

धाकटा: चहा टाक ना आधी.

वहिनी: ओतणार होतास!

धाकटा: उद्या सकाळी तोंडापर्यंत फेस आला असता. तू खूश झाली असतीस. शेजारणीला बोलावून दाखवला असतास.

वहिनी: आणि बाटली उघडल्यावर? अरे, सतरा वर्षं मी तो वास घेतलाय. आधी पिकलेल्या केळ्याचा, मग मागून हळूच लवंगेचा. माझ्या पडद्यांना यायचा, मी शिवलेल्या कपड्यांना यायचा. गिऱ्हाइकं विचारायची, लवंगा ठेवता का कपाटात. मला पाकिटातलं कळलं नसतं?

धाकटा: कळलं असतं.

वहिनी: पोस्टमास्तरांनाही कळलं असतं. पण बोललं कुणीच नसतं. सगळे छान छान करत प्यायले असते, आणि मीही मान हलवली असती. ते नकोय मला. वर्षभर लोक माझ्यासमोर तेच करतायत. कुणी खरं बोलत नाही आणि कुणी नीट गप्पही बसत नाही.

धाकटा: ठेवतो परत.

वहिनी: ठेव. आणि चहा घे. तुमचं भांडण नेमकं कशावरून झालं रे? ह्यांनी कधी धड सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, ‘तो मोठा झाला.’

धाकटा: घरी बियर करणाऱ्यांच्या मंडळाच्या स्पर्धेत माझी बियर पहिली आली ना, त्या दिवशी. चषक देताना माइकवर विचारलं, यीस्ट कुठलं वापरलं? मी म्हणालो, माझं स्वतःचं आहे. बरीच वर्षं जपलंय.

वहिनी: असं म्हणालास?

धाकटा: लोक टाळ्या वाजवत होते वहिनी. कुणी आयुष्यात वाजवल्या नव्हत्या माझ्यासाठी. दादा तिसऱ्या रांगेत बसला होता. तोही वाजवत होता, तो मध्येच थांबला. ते दिसलं मला. तरी मी दुरुस्त केलं नाही.

वहिनी: मग?

धाकटा: बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘माझ्या गाळावर नाव कमावलंस.’ मी म्हणालो, तुला तर तेही जमलं नाही.

वहिनी: अरे देवा.

धाकटा: तोंडातून गेलं.

वहिनी: तुझ्या तोंडातून फार जातं हं. आणि एवढ्यावर दोन वर्षं?

धाकटा: एवढ्यावर. आधी वाटलं, तो फोन करेल. मग वाटलं, मी का करू? मग एवढे दिवस झाले की फोन करून बोलायचं काय तेच कळेना. ऍडमिट केल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी लगेच निघालो होतो. फाटकापर्यंत आलो हॉस्पिटलच्या. म्हटलं, त्यानं बोलावलं तर वर जाईन.

वहिनी: फाटकापर्यंत आला होतास?

धाकटा: गाडी लावली होती. अर्धा तास बसलो आणि परत गेलो.

वहिनी: मला एक फोन करायचास. मी सांगितलं असतं ह्यांना, खाली आलाय म्हणून. तेवढं जरी सांगितलं असतं...

धाकटा: चंबू हलवतो जरा.

वहिनी: हलव.

*

वहिनी: तू घे वास. मी दुपारपासून घेतेय, आता नाकाला काही कळेनासं झालंय.

धाकटा: दे इकडे.

वहिनी: केळं नाही ना?

धाकटा: नाही.

वहिनी: मला रबराचा वाटतोय. शेकायची पिशवी असते ना, तिच्यात पाणी राहिलं की येतो तसा.

धाकटा: हो. तोच आहे.

वहिनी: म्हणजे काय?

धाकटा: म्हणजे मेलंय, वहिनी. मेलेल्या यीस्टचा वास असा येतो. आज बुधवार. अजून आठवडाभर ठेवलं तरी काही होणार नाही.

वहिनी: थांब, बसू दे मला.

धाकटा: पाणी देऊ?

वहिनी: नको. काल तू गेलास तेव्हाच कळलं होतं मला. तू स्वेटर नीट गुंडाळून ठेवलास ना परत, तेव्हा. इतकं नीट तू काही ठेवत नाहीस. म्हणजे गेलीच. सतरा वर्षांची.

धाकटा: हो.

वहिनी: एक गंमत सांगू तुला? हॉस्पिटलात बोलता येत होतं तोवर मी ह्यांना विचारलं होतं. म्हटलं, मला त्यातलं काय कळतं, माझ्या हातून बिघडली तर? तर हसले. म्हणाले, ‘बिघडली तर बिघडली. धाकट्याकडे दुसरी आहे. तो माझ्यावर रागावलाय, तिच्यावर नाही. मला शिव्या घालत का होईना, पोसेल तिला.’ इतके निर्धास्त होते! ते बघून मीही निर्धास्त झाले. तेव्हा तू उद्या तुझी बरणी घेऊन ये.

धाकटा: वहिनी...

वहिनी: अक्षर ह्यांचं नसेल, नसू दे. आहे तर त्याच गाळातली. तीन दिवस फुकट गेले, पण बाटलीत चार दिवस कमी ठेवू. त्या तिघांना काय कळतंय?

धाकटा: माझ्याकडे नाही ती.

वहिनी: कुणाला दिलीस?

धाकटा: ओतली.

वहिनी: कशात ओतलीस?

धाकटा: बेसिनमध्ये. स्पर्धेच्याच दिवशी. घरी गेलो, पायातले बूट काढले नव्हते. फ्रिज उघडला, बरणी काढली आणि ओतली. वरून गरम पाणी सोडलं.

वहिनी: गरम कशाला?

धाकटा: काही जिवंत राहायला नको म्हणून.

वहिनी: रागात होतास. नंतर वाईट वाटलं असेल.

धाकटा: नाही वाटलं. तेच तर सांगतोय. बरं वाटलं मला. महिनाभर फार बरं वाटत होतं. म्हटलं, त्याची बिघडू दे आता एकदा, मग येईल दारात मागायला. मग मी सांगेन, ओतली. तो कसा बघेल ते मी रोज मनात बघायचो. दादा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी ओट्याखाली शिरलो आणि बेसिनचा पाइप उघडला. आतून बोट फिरवून बघितलं, कुठे काही चिकटून राहिलंय का. दहा महिने झाले होते. नुसता साबण होता.

वहिनी: म्हणून स्मशानात उशिरा आलास त्या दिवशी. सगळे निघून गेल्यावर.

धाकटा: हाताचा वास जाईना. तसा कसा येऊ?

वहिनी: ह्यांना कळलं नाही, ते बरं झालं.

धाकटा: बरं काय त्यात?

वहिनी: बरंच झालं. तुझ्या भरवशावर निर्धास्त गेला माणूस. तो भरवसा खोटा होता, हे मला कळलं, तेवढं पुरे. मला राग आलाय तुझा. आत्ता फार आलाय. तो राहू दे माझ्यापाशी, मी बघेन त्याचं काय करायचं ते.

धाकटा: हो.

वहिनी: आता एक विचारते. मघासारखं खरं सांग. माझी बरणी कशानं मेली?

धाकटा: जुनी होती गं.

वहिनी: रविवारी मी बर्फाचा कप्पा म्हटलं आणि तुझा हात थांबला. ह्यांचाही असाच थांबायचा, काही लपवायचं असलं की. भाऊच तुम्ही, लपवता येत नाही दोघांनाही.

धाकटा: सोड ना वहिनी. काय करायचंय आता?

वहिनी: सांग.

धाकटा: गोठली ती. गोठलं की यीस्ट आतून फुटतं. खाली दुधाशेजारी राहिली असती तर सुस्त झाली असती नुसती. उठली असती कदाचित. खात्री नाही.

वहिनी: म्हणजे ह्यांनी एकच काम दिलं आणि ते मी पहिल्या दिवशीच बिघडवलं. घरी आल्या-आल्या, पर्स खाली न ठेवता.

धाकटा: तू जपत होतीस. तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं मी काय करतोय.

वहिनी: आणि वर्षभर तिच्याभोवती बर्फ रचत बसले. रोज सांगायचे ह्यांना हॉस्पिटलात, छान आहे हो म्हातारी, छान आहे. लोक काय म्हणतील? सवत ती सवत, शेवटी मारलीच हिनं.

धाकटा: वहिनी, असं हसू नकोस. रड त्यापेक्षा.

वहिनी: रडतेच आहे. दिसत नाही का तुला?

धाकटा: दिसतंय.

वहिनी: उद्या त्या तिघांना फोन करते. या म्हणेन तरीही. चहा देईन आणि सांगेन काय झालं ते. माझं सांगेन. तुझं तू सांग, किंवा नको सांगूस.

धाकटा: सांगेन. पोस्टमास्तरांसमोर सांगेन.

वहिनी: तुला रविवारीच कळलं होतं ना?

धाकटा: बरणी हातात घेतली तेव्हाच.

वहिनी: तरी माल्ट उकळलंस. सोमवारी आलास, काल आलास, आज आलास. शहराच्या त्या टोकाहून, कामावरून, उपाशी. मेलेल्या बरणीसाठी रोज कशाला यायचास?

धाकटा: तेव्हा आलो नव्हतो म्हणून.

वहिनी: हं.

धाकटा: दादा काही म्हणायचा का गं? माझ्याबद्दल. शेवटी शेवटी.

वहिनी: शेवटी बोलणं बंदच झालं होतं रे. दार वाजलं की मान वळवायचे तेवढी.

धाकटा: आणि?

वहिनी: नर्स असायची.